फुलरीन : नावातला दावा आणि रचनेचा पुरावा

केवळ कार्बनच्या अणूंनी बनलेले, सर्व बाजूंनी मिटलेले आणि आतून पोकळ असे पिंजऱ्याच्या आकाराचे जे रेणू असतात त्यांना रसायनशास्त्रात ‘फुलरीन’ म्हणतात. हे नाव अमेरिकी रचनाकार रिचर्ड बकमिन्स्टर फुलर (१८९५–१९८३) यांच्या आडनावावरून पडले आहे. फुलर हे रसायनशास्त्रज्ञ नव्हते, कार्बनच्या रेणूंचा अभ्यास त्यांनी केला नव्हता, आणि हे रेणू ओळखले गेले तेव्हा त्यांच्या निधनाला दोन वर्षे होऊन गेली होती. म्हणून या नावावर एक आक्षेप वारंवार घेतला जातो. ज्यांनी या रेणूचे भाकीत केले, ज्यांनी तो शोधला आणि ज्यांनी तो हातात घेता येईल इतका तयार केला, त्या सर्वांना वगळून मान मात्र घुमट बांधणाऱ्या एका त्रयस्थ माणसाला मिळाला, असा हा आक्षेप आहे. इतिहासाच्या दृष्टीने तो बव्हंशी खरा आहे, आणि तरीही हे नाव योग्य आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. वैज्ञानिक नावाचे पहिले काम ऋण फेडणे हे नसून वस्तूविषयी निश्चित, तपासता येईल असे विधान करणे हे आहे. ‘फुलरीन’ या नावाने ते काम पुरावा हाती येण्याच्या पाच वर्षे आधी केले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत शुद्ध कार्बनची सर्वपरिचित स्फटिकी अपरूपे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या रचना, दोनच होती. हिऱ्यात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी जोडलेला असतो आणि ही जोडणी तिन्ही दिशांना अखंड चालू राहते. ग्रॅफाइटमध्ये प्रत्येक अणूला तीनच शेजारी असतात, त्यांतून षट्कोनांचे सपाट थर तयार होतात आणि ते एकमेकांवर रचले जातात. या दोन्ही रचनांना स्वतःची अशी सीमा नाही. हिऱ्याचा किंवा ग्रॅफाइटचा तुकडा कुठेतरी संपतो तो केवळ तुटल्यामुळे किंवा वाढ थांबल्यामुळे, आणि त्याच्या कडेवरच्या अणूंचे काही बंध अपुरे राहतात. ठरावीक संख्येच्या अणूंचा, कुठेही मोकळी कड नसलेला, स्वयंपूर्ण असा शुद्ध कार्बनचा रेणू स्थिर राहू शकेल ही कल्पना त्यामुळेच क्रांतिकारक होती.

ही कल्पना ज्या प्रयोगातून पुढे आली तो सप्टेंबर १९८५ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठात झाला. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाचे हॅरल्ड क्रोटो यांना तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या भोवतालच्या कार्बनसमृद्ध वायूत लांबलचक कार्बनसाखळ्या कशा तयार होत असतील हा प्रश्न सोडवायचा होता. राइसमध्ये रिचर्ड स्मॉली यांनी घन पदार्थाचे लेसरने बाष्पीभवन करून, त्या बाष्पाचे हीलियमच्या झोतात छोटे अणुसमूह बनवून, त्या समूहांचे वस्तुमान मोजणारे उपकरण उभारले होते. आणि रॉबर्ट कर्ल हे या दोघांना जोडणारा दुवा होते. धातू व अर्धवाहकांसाठी वापरले जाणारे ते उपकरण ग्रॅफाइटवर चालवले तेव्हा वस्तुमानाच्या आलेखात साठ अणूंच्या समूहाचे शिखर आजूबाजूच्या सर्व शिखरांहून कितीतरी उंच दिसले, त्याच्या शेजारी सत्तर अणूंचे दुसरे, लहान पण ठळक शिखर होते, आणि प्रयोगाची परिस्थिती बदलत नेली तसे साठाचे शिखर अधिकाधिक एकटे उरू लागले. हे काम रात्रंदिवस उपकरणापाशी बसून करणाऱ्यांत जेम्स हीथ आणि शॉन ओब्रायन हे संशोधक-विद्यार्थी होते. त्यांची नावे मूळ शोधनिबंधावर आहेत. लोकप्रिय लेखनातून मात्र ती सहसा गळतात.

साठ या संख्येत असे काय आहे, हा प्रश्न मग उभा राहिला. सपाट षट्कोनी तुकडा मानला तर साठच का, एकसष्ट किंवा अठ्ठावन्न का नाहीत, याला उत्तर नव्हते. शिवाय अशा तुकड्याच्या कडेवरचे अणू अतृप्त राहून चटकन इतरांशी संयोग पावले असते. पण तो तुकडा वळून स्वतःशीच मिटला असेल तर कडच उरत नाही. याच विचाराच्या ओघात क्रोटो यांना फुलर यांचा मॉन्ट्रियल येथील १९६७ च्या जागतिक प्रदर्शनातला, सुमारे ७६ मीटर व्यासाचा घुमट आठवला. तो त्यांनी प्रत्यक्ष पाहिला होता. स्मॉली यांनी कागदाचे षट्कोन आणि पंचकोन कापून, चिकटवून प्रतिकृती तयार केली, आणि बारा पंचकोन व वीस षट्कोन यांनी बंद झालेल्या त्या आकृतीला नेमके साठ कोपरे भरले. १४ नोव्हेंबर १९८५ च्या ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेमतेम दोन पानांच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘बकमिन्स्टरफुलरीन’ हे नाव होते. ते लांब आहे याची जाणीव लेखकांना होती. बॉलीन, स्फेरीन, सॉकरीन असे काही आटोपशीर पर्यायही त्यांनी निबंधातच सुचवले आणि अंतिम निवड अभ्यासकांच्या सहमतीवर सोडली. पुढे त्या मूळ रेणूला पूर्ण नाव राहिले आणि त्याच्या सगळ्या कुळाला ‘फुलरीन’ हे संक्षिप्त नाव रूढ झाले.

त्या क्षणी लेखकांपाशी पुरावा म्हणून काय होते, हे नीट पाहिले पाहिजे. वस्तुमानाच्या आलेखातून अणूंची संख्या कळते, अणूंची मांडणी कळत नाही. रेणूचा वर्णपट नव्हता, स्फटिक नव्हता, कुपीत धरता येईल असा कणभर पदार्थही नव्हता. अशा वेळी ‘सी-६०’ एवढेच म्हणून थांबणे अधिक सावधपणाचे ठरले असते, आणि काही रसायनशास्त्रज्ञांनी तसे बजावलेही. परंतु ‘सी-६०’ हे केवळ मोजणीचे नाव आहे. ते कधीच चुकीचे ठरू शकत नाही, कारण ते काही सांगतच नाही. उलट फुलर यांचे नाव घेताच तीन विधाने केली जातात : ही रचना मिटलेली आहे, ती आतून पोकळ आहे, आणि तिचे बळ ताण सर्वत्र सारखा वाटून देणाऱ्या भूमितीतून आलेले आहे. यांपैकी एकही विधान खोटे निघाले असते तर नाव कोसळले असते. सॉकरीन हे नाव या कसोटीवर अपुरे पडते, कारण ते फक्त साठ अणूंच्या एका चेंडूला लागू होते. सत्तर अणूंचा लांबोळका पिंजरा त्यात बसत नाही. फुलर यांचे घुमट मात्र लहान-मोठे, कमी-जास्त गोल असे अनेक होते, आणि म्हणून त्यांच्या नावात एका रेणूऐवजी संपूर्ण कुळ सामावू शकले.

या कुळाचा नियम लिओनार्ड ऑयलर या अठराव्या शतकातील गणितज्ञाच्या सूत्रातून निघतो. कोणत्याही साध्या मिटलेल्या बहुपृष्ठकात शिरोबिंदूंच्या संख्येतून कडांची संख्या वजा करून पृष्ठांची संख्या मिळवली तर उत्तर नेहमी दोन येते. प्रत्येक शिरोबिंदूवर तीनच कडा मिळतात आणि पृष्ठे केवळ पंचकोनी किंवा षट्कोनी आहेत एवढे गृहीत धरले की षट्कोनांची संख्या समीकरणातून आपोआप गळून जाते व पंचकोनांची संख्या बारा ठरते. ना अकरा, ना तेरा. षट्कोन कितीही असोत, केवळ त्यांच्या जोरावर पृष्ठभाग मिटत नाही. बांबूच्या कामट्यांची षट्कोनी जाळीदार वीण सपाट पसरत असताना टोपलीला वळण हवे तिथे विणणारा एक कामटी वगळून पंचकोन घालतो, तोच व्यवहार इथे कार्बनचे अणू करतात. साठ अणूंच्या रेणूत ९० कडा आणि ३२ पृष्ठे आहेत. साठातून नव्वद वजा करून बत्तीस मिळवले की दोन उरतात. दोन पंचकोन शेजारी-शेजारी आले तर त्या जागी बंधांवर फार ताण येतो, म्हणून ते एकमेकांपासून अलग असलेली रचना अधिक स्थिर असते. बाराही पंचकोन अलग ठेवणारा सर्वांत लहान पिंजरा साठ अणूंचा आहे आणि त्यानंतरचा थेट सत्तर अणूंचा. आलेखातली ती दोन शिखरे अशी गणितानेच स्पष्ट होतात.

इथे फुलर यांच्या श्रेयाचा प्रश्न येतोच. साठ कोपऱ्यांचा हा आकार आर्किमिडीजच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घनाकृतींपैकी एक आहे, आणि लुका पाचोली यांच्या १५०९ मध्ये छापलेल्या ग्रंथासाठी लिओनार्दो दा विंची यांनी त्याचे पोकळ, केवळ कडा दाखवणारे चित्र काढले होते. त्रिकोणी जाळीचा हलका घुमटही फुलर यांच्या आधी, १९२० च्या दशकात, जर्मनीतील येना येथे वाल्टर बाउअर्सफेल्ड यांनी तारांगणासाठी उभारला होता. फुलर यांना आपल्या घुमटाचे अमेरिकी पेटंट मिळाले ते १९५४ मध्ये. म्हणजे आकारही त्यांचा नाही आणि पहिला घुमटही त्यांचा नाही. पण या भूमितीचा सिद्धान्त म्हणून प्रसार त्यांनी केला आणि इतर शास्त्रांतल्या अभ्यासकांची नजर तिकडे वळवली, हे नाकारता येत नाही. विषाणूंची गोलसर कवचे एकाच प्रकारच्या प्रथिनांपासून कशी बांधली जातात याचा डोनाल्ड कॅस्पर व एरन क्लुग यांनी १९६२ मध्ये मांडलेला सिद्धान्तही फुलर यांच्या घुमटांपासून प्रेरणा घेऊनच उभा राहिला होता, आणि त्या कवचांतही पंचकोनी जागा बाराच असतात. ज्या माणसाच्या कामामुळे जीवशास्त्रात आणि रसायनशास्त्रात, तेवीस वर्षांच्या अंतराने, दोन कोडी सुटायला मदत झाली, त्याच्या नावाला त्रयस्थ म्हणणे अन्यायाचे आहे.

अधिक गंभीर अन्याय दुसरीकडे झाला आहे. जपानमधील रसायनशास्त्रज्ञ एजी ओसावा यांनी १९७० मध्येच साठ अणूंचा, फुटबॉलच्या आकाराचा, शुद्ध कार्बनचा रेणू स्थिर असू शकेल असे लिहिले होते. कोरॅन्युलीन नावाच्या, मध्ये एक पंचकोन व भोवती पाच षट्कोन असलेल्या ज्ञात रेणूचा आकार हा फुटबॉलच्या पृष्ठभागाचाच एक भाग आहे, हे त्यांच्या लक्षात आले, आणि भागावरून त्यांनी पूर्णाची कल्पना केली. हा लेख जपानी भाषेतल्या नियतकालिकात आला, आणि पंधरा वर्षांनंतर ह्यूस्टनमधल्या कोणालाही तो ठाऊक नव्हता. १९७३ मध्ये सोव्हिएत संघात द. अ. बोच्वार आणि ये. ग. गाल्पेर्न यांनी याच रेणूची इलेक्ट्रॉन-रचना गणिताने काढली. तीही मुख्य प्रवाहाबाहेर राहिली. डेव्हिड जोन्स यांनी तर १९६६ मध्येच ‘न्यू सायंटिस्ट’मधील आपल्या कल्पनारंजनाच्या सदरात ग्रॅफाइटच्या थरांचे पोकळ गोल रेणू सुचवले होते, पण सदराचे स्वरूपच असे होते की कोणी ते संशोधन म्हणून वाचले नाही. आणि १९८४ मध्ये एक्सॉन कंपनीच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या आलेखात साठाचे शिखर दिसत असूनही पिंजऱ्याची कल्पना त्यांनी मांडली नाही.

यावरून दोन निष्कर्ष निघतात आणि ते एकमेकांना ताण देतात. पहिला असा, की भाकीत करणे आणि शोध लावणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ओसावा यांच्यापाशी कल्पना होती, प्रयोग नव्हता. एक्सॉनपाशी प्रयोग होता, कल्पना नव्हती. १९८५ मध्ये दोन्ही एकत्र आली, म्हणून तो शोध ठरला. दुसरा असा, की ओसावा यांचा लेख दुर्लक्षित राहण्याचे कारण त्याच्या आशयात नव्हते. इंग्रजीबाहेरच्या भाषेत मांडलेले विज्ञान जगाच्या नजरेतून सुटते, ही गोष्ट मराठीतून विज्ञान लिहिणाऱ्यांना परकी नाही. मात्र त्यावरून आपल्या भाषेत विज्ञान लिहूच नये असे अनुमान काढणे चुकीचे होईल. जपानी भाषेत विचार करणाऱ्या माणसाला ही कल्पना सर्वांच्या आधी सुचली, हेही त्याच घटनेतले सत्य आहे. उणीव होती ती भाषांतराची, आणि ती भरून काढणे हे लेखकाइतकेच वाचणाऱ्या जगाचेही कर्तव्य होते.

नावातल्या दाव्याची खरी परीक्षा १९९० मध्ये झाली. हायडेलबर्ग येथील वोल्फगांग क्रेटश्मर आणि अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाचे डोनाल्ड हफमन यांनी, लोवेल लॅम आणि कॉन्स्टँटिनोस फोस्टिरोपोलोस या तरुण सहकाऱ्यांसह, कमी दाबाच्या हीलियममध्ये ग्रॅफाइटच्या दोन कांड्यांमध्ये विद्युतप्रज्योत पेटवून काजळी जमवली, ती बेंझिनमध्ये ढवळली आणि मिळालेल्या तांबड्या द्रावणातून स्फटिक काढले. ज्या पदार्थाचा कण दिसत नव्हता तो आता साध्या उपकरणांनी ग्रॅमच्या मापात मिळू लागला. त्याच सुमारास ससेक्समध्ये क्रोटो यांच्या सहकाऱ्यांनी अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन या पद्धतीने त्याची तपासणी केली. या पद्धतीत रेणूमधील प्रत्येक वेगळ्या परिस्थितीतला कार्बन अणू वेगळी रेषा देतो, आणि साठ अणूंच्या रेणूने एकच रेषा दिली. साठही अणू परस्परांशी तंतोतंत समान असल्याशिवाय हे शक्य नाही. सत्तर अणूंच्या रेणूने, अपेक्षेप्रमाणे, पाच रेषा दिल्या. पाच वर्षांपूर्वी ज्या नावाला धाडसी म्हटले गेले होते ते त्या एका रेषेने सिद्ध झाले. १९९६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक कर्ल, क्रोटो आणि स्मॉली यांना मिळाले. पारितोषिक तिघांपेक्षा अधिकांत वाटता येत नाही या नियमामुळे क्रेटश्मर व हफमन बाहेर राहिले. त्यांच्याविना हे रसायनशास्त्र उभेच राहिले नसते.

नावाच्या शेवटचा ‘ईन’ हा प्रत्ययही विचार करण्याजोगा आहे. कार्बनी रसायनात हा प्रत्यय अणूंमधील द्विबंधाची खूण आहे, आणि तोच बेंझीनसारख्या सुगंधी वलयांच्या नावांतही येतो. आरंभी अनेकांची समजूत अशी होती, की साठ अणूंचा हा रेणू बेंझीनपेक्षाही अधिक स्थिर आणि उदासीन असेल. प्रत्यक्षात त्यातले बंध एकसारखे निघाले नाहीत : दोन षट्कोनांमधल्या ३० कडा आखूड, द्विबंधासारख्या आहेत आणि पंचकोनाला लागून असलेल्या ६० कडा किंचित लांब आहेत. त्या आखूड बंधांवर इतर रेणू सहज येऊन जुळतात. हा रेणू इलेक्ट्रॉनही उत्सुकतेने स्वीकारतो, आणि म्हणूनच त्याची साधिते कार्बनी सौरघटांत दीर्घकाळ वापरली गेली, तर पोटॅशियमबरोबरचे त्याचे संयुग १९९१ मध्ये १८ केल्विन तापमानाला अतिसंवाहक असल्याचे आढळले. नावाचा पूर्वार्ध आकाराविषयी खरा ठरला, तसा उत्तरार्ध वर्तनाविषयी.

पोकळपणाचा दावाही कागदावर राहिला नाही. लँथॅनमसारख्या धातूचे अणू पिंजऱ्यात कोंडता येतात हे लवकरच दिसून आले, आणि ‘आत आहे, जोडलेला नाही’ हे दाखवण्यासाठी सूत्रात एक स्वतंत्र चिन्ह वापरण्याची प्रथा पडली. २०११ मध्ये जपानमध्ये केई कुरोतोबी आणि यासुजिरो मुराता यांनी पिंजऱ्याला रासायनिक पद्धतीने छिद्र पाडून, आत पाण्याचा एकच रेणू सोडून, छिद्र पुन्हा शिवून दाखवले. एकाकी पाण्याचा रेणू शेजाऱ्यांशी कोणताही बंध नसताना कसा वागतो, हे त्यामुळे अभ्यासता आले.

दावा जितका नेमका, तितकी त्याची मर्यादा जपण्याची गरज मोठी, आणि इथेच आजचा खरा धोका आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर रसायनशास्त्राचे नामकरण ठरवणाऱ्या संघटनेच्या व्याख्येनुसार फुलरीन म्हणजे बारा पंचकोनी व उरलेली षट्कोनी वलये असलेला मिटलेला कार्बनी पिंजरा. पण त्याच संघटनेने हेही नोंदवले आहे, की हा शब्द तीन शेजारी असलेल्या कार्बन अणूंच्या कोणत्याही मिटलेल्या पिंजऱ्यासाठी सैलपणे वापरला जाऊ लागला आहे. सप्तकोन असलेले पिंजरे या सैल अर्थात बसतात, आणि तेवढा विस्तार समजण्यासारखा आहे, कारण मिटलेपणा कायम राहतो. परंतु दोन्ही टोकांना उघड्या असलेल्या कार्बन नळ्यांनाही जेव्हा फुलरीन म्हटले जाते, तेव्हा ज्या गुणामुळे नाव मिळाले तोच गुण हरवतो. व्यापारात तर याहून वाईट घडते. साठ अणूंचा रेणू तेलात विरघळवून ते आयुष्य वाढवणारे औषध म्हणून विकले जाते, आणि माणसांवरील विश्वसनीय चाचण्यांचा त्याला आधार नाही. रशियातील करेलिया प्रांतातल्या शुंगाइट या कार्बनी खडकात फुलरीनचा अंश सापडल्याची नोंद १९९२ मध्ये झाली. आता त्या खडकाचे खडे याच शब्दाच्या जोरावर किरणोत्सर्गापासून संरक्षण म्हणून खपवले जातात. तपासता येणारे विधान म्हणून जन्मलेल्या शब्दाचा तपासणी टाळण्यासाठी असा उपयोग व्हावा, ही या शब्दाची विटंबना आहे.

ज्या अवकाशातल्या कार्बनच्या प्रश्नासाठी क्रोटो ह्यूस्टनला गेले होते, त्या अवकाशातही दरम्यानच्या काळात फुलरीन सापडले. २०१० मध्ये यान कामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीच्या अवरक्त नोंदींतून एका मरणासन्न ताऱ्याभोवतीच्या अभ्रिकेत साठ आणि सत्तर अणूंचे फुलरीन ओळखले. २०१५ मध्ये बाझेल येथील जॉन मायर यांच्या गटाने, आंतरतारकीय वायूतून येणाऱ्या प्रकाशातल्या दोन गूढ रेषा सी-६० च्या विद्युत्भारित रूपाच्याच आहेत, हे प्रयोगशाळेतल्या मोजणीने दाखवले. अशा रेषांचे कोडे १९२० च्या दशकापासून खगोलशास्त्रज्ञांपुढे होते, आणि शेकडो रेषांपैकी निःसंशयपणे उलगडा झालेल्या या पहिल्याच.

तेव्हा नाव बदलण्याची गरज नाही. गरज आहे ती नावामागचा इतिहास पुरा सांगण्याची. शालेय आणि महाविद्यालयीन मराठी पुस्तकांत कार्बनच्या अपरूपांचा धडा येतो तेव्हा फुलरीनला ‘फुटबॉलसारखा रेणू’ एवढ्यावर सोडून न देता बारा पंचकोनांचा नियम सांगावा. तो दहावीच्या मुलांना समजेल इतका सोपा आहे आणि ती आकृती कागद कापून वर्गातच करता येते. फुलर यांच्या नावाशेजारी ओसावा यांचे १९७० चे भाकीत, हीथ व ओब्रायन यांचे प्रयोग आणि क्रेटश्मर व हफमन यांची काजळी यांनाही प्रत्येकी एक वाक्य द्यावे, आणि हे काम पुढच्या आवृत्तीची वाट न पाहता शिकवणाऱ्यांनी आपल्या वर्गापासूनच सुरू करावे.